नावातच वांदा

मे महिन्याच्या मध्यावर जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. रावेरहून पालच्या रस्त्याला लागलं की केळीच्या बागांची हिरवाई मागे पडते आणि सातपुड्याचा पायथा सुरू होतो. साग उघडा, सालई उघडी, पाचोळ्याखाली जमीन भाजलेली. अशा वेळी एखाद्या जुन्या आंब्याच्या बेचक्यात, दोन-तीन पुरुष उंचीवर, एक हिरवा झुपका दिसतो. पानं चामड्यासारखी जाड, मधोमध दुमडून पन्हाळीसारखी झालेली. पानांच्या बगलेतून एक दांडी निघालेली आणि तिच्यावर पाच-सात फुलं. पाकळ्या पिवळट हिरव्या, त्यांवर जुन्या वाड्यातल्या फरशीसारखी तपकिरी चौकटीची नक्षी, कडा पांढरी आणि मधली ओठासारखी पाकळी निळसर जांभळी. वाऱ्याची झुळूक आली तर वासही येतो.

वावराच्या बांधावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं, हे काय, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: बांडगूळ.

शब्द तुच्छतेचा आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला मराठीत बांडगूळ म्हणतात, आणि राजकारणाच्या भाषणांत तर हा शब्द दर निवडणुकीला नव्याने फुटतो. पण आंब्यावरचं हे झाड कुणाच्याही जिवावर जगत नाही. ते ऑर्किड आहे, मराठीत आमरी. शास्त्रीय नाव वांदा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे फरशीच्या नक्षीचं, आणि हे नाव पाकळ्यांवरून आलं. वांदा हा शब्द मात्र लॅटिन नाही आणि ग्रीकही नाही. तो इथलाच आहे. त्याची हकिगत पुढे येईलच. आधी बांडगुळाचा निकाल लावू.

खरं बांडगूळ वेगळ्या कुळातलं. त्याची फळं चिकट गराची असतात. फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी ती खातो आणि चिकट बी मागून सुटेना म्हणून फांदीवर घासून टाकतो. ते बी तिथेच रुजतं, सालीत चूषकमूळ घुसवतं आणि आंब्याच्या अंगातलं पाणी आणि क्षार ओढून घेतं. फांदी तिथे गाठीसारखी फुगते आणि पुढे वाळत जाते. शेतकरी कोयता घेऊन त्याच्यामागे लागतो ते उगाच नाही.

आमरीच्या बाबतीत परीक्षा सोपी आहे. झाड फांदीवर जिथे बसलं आहे तिथे बोट फिरवावं. बांडगूळ असेल तर त्याचा बुंधा कुठे संपतो आणि आंब्याची फांदी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, दोन्ही एकजीव झालेलं असतं. आमरी असेल तर पांढुरकी, जाड दोऱ्यांसारखी मुळं सालीवरून नुसती सरपटत गेलेली दिसतात. काही मुळं तर सालीलाही न चिकटता हवेत लोंबतात. आंबा तिच्यासाठी फक्त बसायची जागा. अशा झाडांना वनस्पतिशास्त्रात अपिवनस्पती म्हणतात.

मग ही पोटाला काय खाते? उत्तर त्या पांढऱ्या मुळांत आहे. लोंबणाऱ्या एखाद्या मुळावर पेलाभर पाणी ओतून पाहावं. बघता बघता पांढरं मूळ हिरवं होतं. मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचे थर असतात, स्पंजाच्या गादीसारखे. कोरडे असताना त्या पेशींत हवा भरलेली असते म्हणून मूळ पांढरं दिसतं. पाणी लागताच ते शोषून गादी पारदर्शक होते आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं. वळवाची सर दहा मिनिटं पडून गेली तरी तेवढ्यात ही मुळं आपला हंडा भरून घेतात. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्याबरोबर धूळ, कुजलेलं पान, पक्ष्याची विष्ठा यांतले क्षार येतात, तीच तिची भाकरी.

दुसरी युक्ती वेळेची. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि त्याच दारातून पाणी बाहेर जातं. वांदाच्या गटातल्या कितीतरी आमरी हे काम रात्रपाळीला करतात. दिवसभर दारं बंद. रात्री हवा निवली की ती उघडायची, वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की दार न उघडता त्याच साठ्यावर साखर तयार करायची. निवडुंग हेच करतो, अननसही. सातशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या जळगाव जिल्ह्यात, तेही चार महिन्यांत आटपणाऱ्या पावसात, मातीचा आधार न घेता जगायचं तर एवढी काटकसर हवीच. ऑर्किड म्हणजे आंबोलीसारख्या धो धो पावसाच्या जंगलातलं नाजूक प्रकरण, ही समजूत या आंब्याखाली उभं राहिल्यावर टिकत नाही.

आता नावाची गोष्ट. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात झाडावर उगवणाऱ्या झाडाला चार नावं दिली आहेत: वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका. गंमत पाहा. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे नुसती झाडावर उगवणारी आणि जीवन्तिका म्हणजे जगणारी, जगवणारी. बांडगूळ आणि आमरी यांच्यात कोशकाराने भेद केला नाही हे उघड आहे, पण चोर आणि सज्जन या दोघांना शोभतील अशी नावं त्याने एकाच ओळीत बसवून ठेवली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या सर विल्यम जोन्सने यातला वन्दा हा शब्द उचलला. भारतीय वनस्पतींवरचं त्याचं टिपण त्याच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापलं गेलं. त्यात हे झाड मुख्यतः उंच आम्र आणि बिल्व वृक्षांवर बसतं आणि मातीवाचून कुंडीतही जगतं अशी नोंद आहे. पुढे १८२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने वांदा हे प्रजातीचं नाव रीतसर रूढ केलं. आज थायलंडच्या रोपवाटिकेत, मायामीच्या प्रदर्शनात, सिंगापूरच्या बागेत लोक ‘वांदा’ म्हणतात तेव्हा ते संस्कृत बोलत असतात. सिंगापूरने १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल निवडलं तेही ‘वांदा मिस जोकिम’, अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याची प्रजात बदलली असली तरी. आणि मराठी माणूस मात्र वांदा म्हटलं की भानगड, तंटा, अडचण एवढंच समजतो.

जीवन्तिका हे नाव मराठी घराला परकं नाही. श्रावणातल्या शुक्रवारी लेकराबाळांच्या रक्षणासाठी जिवतीची पूजा होते, भिंतीवरच्या कागदावर नरसिंह, कालियामर्दन, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती यांची चित्रं असतात, आणि आघाडा-दुर्वांची माळ घातली जाते. देवीचं नाव आणि वनस्पतीचं नाव एकच, म्हणून एकीतून दुसरी निघाली असं मानायला काही आधार नाही. माळेतही आमरी नसते. खानदेशात कानबाईच्या रोटांपासून गुलाबाईच्या गाण्यांपर्यंत फुलापानांना मान आहे, पण झाडावरच्या या फुलाला देवघराचं दार कधी उघडलं नाही. कारण बहुधा साधंच असावं. पूजेचं फूल परड्यात, कुंपणावर, हाताशी हवं. आंब्याच्या शेंड्यावरचं, वर्षातून एकदा फुलणारं फूल पहाटे कोण काढणार?

जगात इतरत्र मात्र ऑर्किडवर अर्थांचे थर चढले. फुलं भेट देणाऱ्या दुकानांतल्या चिठ्ठ्यांवर ऑर्किड म्हणजे प्रेम, ऐश्वर्य, पावित्र्य, सामर्थ्य असं सगळंच एकदम लिहिलेलं असतं, आणि ज्याचे सगळेच अर्थ होतात त्याचा काहीच होत नाही. नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. ज्या लोकांनी या झाडाचा जो अवयव आधी पाहिला, त्याचंच प्रतीक त्यांनी केलं.

ग्रीकांनी कंद पाहिले. भूमध्य सागराकाठच्या जमिनीतल्या ऑर्किडना दोन गोल कंद जोडीने असतात. ‘ऑर्किस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वृषण, आणि साऱ्या कुळाचं नाव त्यावरूनच पडलं. सभ्य समारंभात ऑर्किडचा गुच्छ देताना ही माहिती कुणी सांगत नाही एवढंच. मग कंद खाल्ले की पौरुष वाढतं हेही ओघाने आलं. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी सालममिश्री ही त्याच समजुतीची पूर्वेकडची शाखा. तीही आमरीचेच कंद.

चीनमध्ये लोकांनी आधी वास घेतला. दरीत, कुणी पाहत नसतानाही सुगंध देत राहणारं ‘लान’ हे फूल म्हणजे दाद मिळो न मिळो, आचरण न सोडणारा सज्जन, असा अर्थ कन्फ्यूशियसच्या नावाशी जोडला गेला. त्याच्या काळातलं लान हे खरोखर ऑर्किड होतं की दुसरी एखादी सुवासिक वनस्पती, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण नंतरच्या चित्रकारांना शंका नव्हती. बांबू, शेवंती आणि प्लम यांच्याबरोबर ऑर्किड हे ‘चार सज्जनां’पैकी एक झालं. यातलं सगळ्यात बोलकं चित्र झंग सिशियाओ याचं. मंगोलांनी सोंग राजवट संपवल्यावर हा चित्रकार ऑर्किड काढायचा तो मुळांखाली माती न दाखवता. माती परक्यांनी नेली, आता मुळं रोवायची कशात, असा त्याचा अर्थ. १३०६ मधलं त्याचं असं एक शाईचित्र जपानमधल्या ओसाकाच्या संग्रहालयात आहे. सातपुड्यातली वांदा त्याने पाहिली असती तर मातीवाचून मजेत राहणाऱ्या या झाडाचं त्याने काय केलं असतं, असा विचार मनात येतोच.

पनामात लोकांनी फुलाच्या आत डोकावून पाहिलं. तिथल्या एका पांढऱ्या ऑर्किडच्या मध्यभागी पंख पसरलेल्या कबुतरासारखा आकार दिसतो, आणि कबूतर हे ख्रिस्ती परंपरेत पवित्र आत्म्याचं रूप. म्हणून ते ‘पवित्र आत्म्याचं फूल’, आणि देशाचं राष्ट्रीय फूलही. श्रीलंकेत लोकांनी फुलण्याची वेळ पाहिली, आणि मे महिन्याच्या सुमारास फुलणाऱ्या एका ऑर्किडला वेसक म्हणजे बुद्धपौर्णिमेवरून नाव मिळालं. आसामात एका ऑर्किडच्या फुलांचा लोंबता तुरा पाहिला गेला. तिथे त्याला कोपौ फूल म्हणतात, आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. तोच तुरा सह्याद्रीतल्या माणसांनी पाहिला आणि त्याला सीतेची वेणी म्हटलं. वनवासातल्या बाईच्या केसांतली वेणी झाडावर लोंबते आहे, ही कल्पना आश्रमातल्या पंडिताला सुचली नसती. ती रानात फिरणाऱ्याचीच.

खानदेशच्या माणसाने पाहिली ती मुळं, दुसऱ्याच्या फांदीला घातलेली मिठी. निष्कर्ष काढला, बांडगूळ. पाहण्यात चूक नव्हती, मिठीचा अर्थ लावण्यात झाली.

वैद्यांनी या मुळांना अधिक मान दिला. वातावरच्या औषधांत अग्रस्थानी मानलेल्या रास्नेची ओळख प्रांताप्रांतात वेगळी आहे. उत्तरेत एक झुडूप, दक्षिणेत कोलिंजनाच्या जातीचा कंद आणि बंगालमध्ये वांदाची मुळं, तिन्ही रास्ना म्हणूनच विकली जातात. आमरीला मराठीत रास्ना म्हणतात ते यामुळे. च्यवनप्राशातल्या अष्टवर्गापैकी, म्हणजे आठ औषधींच्या गटापैकी, जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पतीही आमरीच्या कुळातल्याच समजल्या जातात, पण त्या हिमालयातल्या. त्या मिळेनाशा झाल्या की काय वापरायचं हे ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात सोळाव्या शतकातच लिहून ठेवलं आहे: पहिल्या दोहोंऐवजी विदारीकंद, पुढच्या दोहोंऐवजी वाराहीकंद. म्हणजे टंचाई तेव्हापासूनची.

फुलाकडे परत येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे. वांदाची कळी दांडीवर धरते तेव्हा तिची ओठासारखी पाकळी वरच्या बाजूला असते. उमलताना कळीचा देठ अर्धी गिरकी घेतो आणि ओठ खाली येतो, येणाऱ्या कीटकाला उतरायला ओटा तयार. देठावर हा पीळ नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बाकी फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे, इथे दोन्ही मिळून एकच जाड खांब. परागकण सुटे नाहीतच. त्यांचे दोन पिवळे गोळे, एका चिकट चकतीला जोडलेले. काडेपेटीची काडी खांबाच्या टोकाखाली हलकेच टेकवून मागे घेतली तर ते गोळे काडीला चिकटून बाहेर येतात. कीटकाच्या अंगावर ते असेच बसतात. चार्ल्स डार्विनने हा प्रयोग इंग्लंडमधल्या ऑर्किडवर पेन्सिलीच्या टोकाने केला, तेव्हा पेन्सिलीला चिकटलेले गोळे अर्ध्या मिनिटात पुढे वाकताना त्याला दिसले, पुढच्या फुलात नेमक्या जागी आपटावेत म्हणून.

त्याचं ऑर्किडवरचं पुस्तक १८६२ मध्ये आलं. मादागास्करच्या एका ऑर्किडची मधाची नळी फूटभर लांब आहे, म्हणजे तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे, असं त्याने लिहिलं आणि लोक हसले. पतंगाची नोंद १९०३ मध्ये झाली. डार्विन तेव्हा हयात नव्हता.

बियांची कथा खानदेशाला अधिक जवळची आहे, जरा आडवळणाने. वांदाचं बोंड बोटाएवढं, कंगोऱ्यांचं. ते वाळून तडकलं की आतून पिठासारखी धूळ उडते. तो एकेक कण म्हणजे बी. डार्विनने इंग्लंडमधल्या एका ऑर्किडचा हिशेब मांडला तेव्हा एका झाडाच्या बिया १,८६,३०० भरल्या. त्या सगळ्या रुजत गेल्या तर पणतवंडांच्या पिढीत पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकली जाईल, असं गणित निघालं. ती झाकली जात नाही याचं कारण, या बीला शिदोरीच नसते. हरभऱ्याच्या बीत डाळ असते, गव्हाच्या बीत पीठ असतं, आमरीच्या बीत काहीच नाही. विशिष्ट बुरशी तिच्यात शिरली आणि तिने अन्न पुरवलं तरच कोंब धरतो. नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाला हे १८९९ मध्ये उमगलं. म्हणजे आमरी आंब्याचं काही घेत नाही हे खरं, पण बालपणी ती बुरशीच्या घासावर वाढते. उधारीचा आरोप करायचाच तर तो इथे करता येईल.

मग १९२२ मध्ये लुईस नडसन याने अमेरिकेत दाखवलं की बुरशीचं काम साखरपाणी घातलेली जेली करू शकते. काचेच्या बाटलीत आमरी रुजली. आणि १९६० मध्ये जॉर्ज मोरेल याने विषाणू लागलेल्या सिंबिडियम ऑर्किडच्या कोंबाचा अगदी टोकाचा कण कापून बाटलीत वाढवला. रोप निघालं निरोगी, आणि एका कणापासून शेकडो रोपं करता येतात हेही कळलं. बाटलीतल्या रोपांचा धंदा जगात पहिल्यांदा उभा राहिला तो ऑर्किडवर.

या धंद्याचं खानदेशातलं रूप सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लागवडीच्या केळीत रुजणारी बी नसते. पूर्वी मृगबाग असो की कांदेबाग, लागवड कंदाची, आणि कंदाबरोबर जुन्या बागेचे रोगही नव्या वावरात यायचे. आता रावेर-यावल-चोपड्यात ‘टिशूची रोपं’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, आणि जळगावच्याच जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळांतून ग्रँड नैन केळीची रोपं निघतात. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीची पाळंमुळं, या अर्थाने, मोरेलच्या ऑर्किडच्या बाटलीपर्यंत जातात. त्याच तंत्राने वाढवलेली थायलंडची जांभळी डेंड्रोबियम आखाजीनंतरच्या लग्नसराईत जळगाव-धुळ्याच्या मांडवांत स्टेजवर टोचलेली असते. तिच्या कुळातली देशी बहीण तेव्हाच सातपुड्याच्या आंब्यावर फुललेली असते. वऱ्हाडातल्या कुणाला ती ठाऊक नसते.

या बहिणींची शिरगणती झालेली आहे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा डी. ए. पाटील यांचा ग्रंथ २००३ मध्ये आला, जळगाव जिल्ह्याचा एस. आर. क्षीरसागर आणि पाटील यांचा २००८ मध्ये. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ मध्ये देशातल्या आमरींचा आकडा १,२५६ दिला. त्यातल्या ७५७ झाडांवर राहणाऱ्या आणि ४४७ जमिनीवरच्या. खानदेशात पावसाळ्यात दिसतात त्या मुख्यतः या दुसऱ्या गटातल्या. पहिल्या पावसाच्या सुमारास अमरकंदाची पिवळी फुलं जमिनीतून वर येतात. मग हबेनारिया नावाच्या आमरींच्या पांढऱ्या-हिरव्या फुलांचे तुरे, गवताच्या गर्दीत, वाकून पाहिल्याशिवाय न दिसणारे. यावल अभयारण्यात, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात आणि तोरणमाळच्या पठारावर हा मोसम असतो. तोरणमाळ १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, त्यामुळे जुन्या नोंदींत धुळ्याच्या नावावर असलेलं बरंचसं आमरीवैभव आता नंदुरबारचं आहे. पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्यांतले जाणते लोक अमरकंद नेमका कुठे मिळेल ते सांगू शकतात. विचारणाऱ्याला ते सांगतीलच असं नाही.

जमिनीवरच्या आमरींना जनावरांच्या खुरांची भीती, झाडावरच्यांना करवतीची. वांदाला वाढायला वर्षं लागतात आणि ती बसते जुन्या, खडबडीत सालीच्या झाडांवर: बांधावरचा गावठी आंबा, मोह, रस्त्याकडेची जुनी झाडं. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला, बांध जेसीबीने सरळ झाले, आणि गावठी आंब्याच्या लाकडाला गिऱ्हाईक आहेच. झाड पडलं की आमरी लाकडाबरोबर ट्रॉलीत जाते.

पडलेल्या झाडावरची आमरी मात्र वाचवता येते आणि त्याला फार काही लागत नाही. मुळं न ओढता साल खरवडून ती सोडवायची, जवळच्या मोहाच्या किंवा आंब्याच्या फांदीवर, जिथे दुपारचं ऊन थेट लागणार नाही अशा बाजूला, सुतळीने बांधायची. प्लॅस्टिकची दोरी नको. माती लावायची नाही, शेण थापायचं नाही. पहिल्या पावसानंतर मुळांची टोकं हिरवी होऊन सालीकडे वळतात. सुतळी कुजून गळून पडते तोवर आमरीने नव्या फांदीवर आपली पकड बसवलेली असते.